दमत नाही, पण झिजतो : रोलप्लेइंग खेळांतील अमानवी जीवांसाठी थकव्याचे नियम

फोंड्याला आमच्या घराच्या सोप्यात पावसाळ्यातल्या रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून आणि पात्रे वठवून खेळायच्या गोष्टीच्या खेळाचा डाव मांडला जातो आणि डंजन मास्टरची, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या व नियमांचा निकाल देणाऱ्याची, जागा बहुतेक वेळा माझ्याकडे असते. आमच्या पहिल्याच मोहिमेत पाच झोंबी खेळाडूंच्या मागे लागले होते. चोर्ला घाटासारख्या एका चढावर त्यांना रात्रभर चालवून दमवायचे, असा बेत खेळाडूंनी आखला आणि माझ्या भाच्याने त्यासाठी वहीत तासागणिक अंतरांचा तक्ता करून आणला. मी फारसा विचार न करता "झोंबी दमत नाहीत" असा निकाल दिला. त्याने मोबाइलवरचा झोंबीचा तपशील माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मामा, त्याला झोपेची गरज नाही एवढंच लिहिलंय इथं. तो दमत नाही असं कुठं लिहिलंय?" त्याचे वाचन अचूक होते. माझ्या घाईमुळे त्याची आठवडाभराची मेहनत वाया गेली आणि त्या दिवसाचा उरलेला डाव रंगला नाही. अशा प्रसंगी डंजन मास्टरने पायरीपायरीने काय पाहावे, काय ठरवावे आणि कागदावर काय लिहून ठेवावे, ते या लेखात मांडले आहे.

पहिली पायरी : आपल्या टेबलावर कोणता नियम चालतो ते निश्चित करा

एकाच खेळाच्या दोन आवृत्त्यांत थकव्याचा अर्थ निराळा आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत थकव्याच्या ६ पातळ्या आहेत आणि त्यांचे परिणाम एकावर एक साचत जातात. पहिल्या पातळीला क्षमतेच्या चाचण्यांवर डिसॲडव्हान्टेज येतो (म्हणजे दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा), दुसरीला वेग निम्मा होतो, तिसरीला हल्ल्यांवर आणि सेव्हिंग थ्रोवर (संकट टाळण्यासाठी टाकायच्या फाशावर) डिसॲडव्हान्टेज येतो, चौथीला कमाल हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) निम्मे होतात, पाचवीला वेग शून्य होतो आणि सहावीला मृत्यू येतो. २०२४ च्या नियमांत ही उतरंड सरळ केली आहे : प्रत्येक पातळीमागे डी२० च्या, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाच्या, प्रत्येक चाचणीतून २ वजा होतात, वेग ५ फुटांनी घटतो आणि सहाव्या पातळीला मृत्यू मात्र कायम आहे. दोन्हीकडे एका लाँग रेस्टने, म्हणजे आठ तासांच्या विश्रांतीने, एकच पातळी उतरते.

राक्षसाच्या, म्हणजे डंजन मास्टर चालवतो त्या कोणत्याही शत्रूजीवाच्या, बाबतीत हा फरक मोठा ठरतो. जुन्या नियमात पहिल्या पातळीने लढाईतल्या राक्षसाचे जवळजवळ काहीच बिघडत नाही. इनिशिएटिव्ह (लढाईतली पाळी ठरवणारी चाचणी) किंवा पकडापकडीची चाचणी सोडली, तर त्याचा पंजा पूर्वीइतक्याच जोराने बसतो. नव्या नियमात मात्र पहिल्याच पातळीपासून हल्ल्यातून २ वजा होऊ लागतात, त्यामुळे राक्षस लवकर दुबळा होतो. मोजायला नवा नियम सोपा आहे, हे मान्य. तरीही एखाद्या जीवाचा ऱ्हास टप्प्याटप्प्याने दाखवायचा असेल, तर मला जुनाच नियम अधिक भावतो, कारण त्यात प्रत्येक पातळीला काहीतरी निराळे हरपते.

इतर खेळांत ही गोष्ट आधीच बरीचशी ठरवून दिलेली असते. 'पाथफाइंडर'च्या पहिल्या आवृत्तीत अनडेड (मेल्यावरही हिंडणारे जीव) या वर्गालाच थकव्याच्या दोन्ही अवस्थांपासून अभय आहे. 'सॅव्हेज वर्ल्ड्स'मध्ये थकव्याच्या दोनच पायऱ्या असून तिसऱ्यांदा जीव निकामी होतो. म्हणून एका खेळातली सवय दुसऱ्या खेळात नेऊ नये. पुढची सगळी उदाहरणे मी २०१४ च्या नियमांवर बेतली आहेत.

दुसरी पायरी : 'गरज नाही' आणि 'परिणाम होत नाही' यांत गल्लत करू नका

राक्षसाच्या तपशिलात ज्या अवस्थांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, त्यांची यादी असते. भूत, लिच (मंत्राने अमर झालेला मृत मांत्रिक), गोलेम (मंत्राने चालणारा पुतळा) आणि हवा, पाणी, माती व अग्नी यांची जिवंत रूपे असलेले एलिमेंटल यांच्या यादीत थकव्याचा उल्लेख स्पष्ट आहे. त्यांच्याबाबत वादाला जागा नाही. २०१४ च्या झोंबीच्या यादीत फक्त विषबाधा आहे. त्याला हवा, अन्न, पाणी आणि झोप लागत नाही, हे वर्णनात वेगळे सांगितले आहे. व्हँपायरच्या यादीत थकवा नाही आणि वर्णनात त्याला केवळ हवेची गरज नसल्याचे म्हटले आहे. वेअरवुल्फ आणि ट्रोल यांना तर असे कोणतेच अभय नाही.

यातून एक उपयोगी नियम निघतो. ज्याला झोपेची गरज नाही, तो जागरणाने थकणार नाही. ज्याला अन्न लागत नाही, तो उपासाने थकणार नाही. परंतु एखाद्या मंत्राने किंवा शापाने आलेला थकवा, यादीत अभय नसेल, तर त्याला लागू होईल. 'सिकनिंग रेडियन्स' हा मंत्र थकव्याची पातळी चढवतो. तो झोंबीवर टाकला आणि झोंबीचा सेव्ह चुकला, तर पातळी चढलीच पाहिजे. खेळाडूने नियम नीट वाचून मंत्र निवडलेला असतो आणि ते श्रेय त्याला मिळायला हवे.

उरतो प्रश्न चालण्याचा. दिवसाला आठ तासांहून जास्त चालल्यास पुढच्या प्रत्येक तासाच्या शेवटी कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) सेव्ह करावा लागतो, त्याची डीसी (फाशाने गाठायचा आकडा) १० अधिक आठच्या वरचे तास अशी असते. झोंबीचा कॉन्स्टिट्यूशन १६ आहे, म्हणजे त्याला फाशाच्या आकड्यात अधिक ३ (हाच गुणांक) मिळतात. हा नियम त्याला अक्षरशः लावला, तर नवव्या तासाला ११ आणि सोळाव्या तासाला १८ अशी डीसी चढत जाते आणि तिसऱ्या पातळीपासून डिसॲडव्हान्टेजही जोडला जातो, त्यामुळे एका दिवस-रात्रीच्या आतच बहुतेक झोंबी पाचव्या पातळीला पोचून रस्त्यातच थिजतील. प्रेताने पायपीट करून दमावे, हे कोणत्याही टेबलावर पटणार नाही. भाच्याचे वाचन बरोबर असूनही त्या दिवशी झोंबी दमायला नको होते, असे मला आजही वाटते. मात्र त्याच्या बेताला दुसरा एखादा दरवाजा उघडा ठेवणे हे माझे काम होते आणि ते मी केले नाही.

तिसरी पायरी : त्या जीवाचे बळ कुठून येते ते शोधा

गोव्यात आणि तळकोकणात वाढलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर लहानपणीच ऐकायला मिळालेले असते. गावाचा राखणदार रात्री शिवेवरून फिरतो, अशी श्रद्धा आहे. त्याला वहाणा अर्पण करतात. सीमेपलीकडे वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात आणि देव त्या घालून रात्री गावभर फिरतो, म्हणून त्या झिजतात, असे सांगतात. अशा झिजलेल्या तळव्यांची गोष्ट मी आजीकडून प्रथम ऐकली, तेव्हा मला पडलेला प्रश्न असा होता की देव जर दमत नाही, तर चप्पल का झिजते? आजी म्हणाली, "चालतो तर खरा ना तो." दमणे आणि झिजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या उत्तरातून कळले. डाव मांडताना मी अजूनही तिथूनच सुरुवात करतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. राखणदार, वेताळ किंवा देवचार यांना हिट पॉइंट देऊन खेळाडूंपुढे लढायला उभे करू नये, असे माझे ठाम मत आहे. शेजारच्या घरात ज्यांच्या नावाने नारळ ठेवला जातो, त्यांना राक्षस करण्याची काही गरज नाही. त्या श्रद्धेतून फक्त तत्त्व घ्यावे : ज्याचे शरीर दमत नाही, त्याचे दुसरे काहीतरी झिजते.

ते 'दुसरे काहीतरी' शोधण्यासाठी मी चार ठिकाणी पाहतो. पहिले ठिकाण देह. वेअरवुल्फचा देह माणसाचा किंवा लांडग्याचा, त्याला नेहमीचे नियम जसेच्या तसे लावावेत. दुसरे ठिकाण भक्ष्य, ज्याचा नमुना म्हणजे व्हँपायर. तिसरे ठिकाण जागा : पिंपळावरचा मुंजा, पाण्यातला गिऱ्हा, ओसाड वाड्यातले भूत. चौथे ठिकाण बांधिलकी, म्हणजे आज्ञा, शपथ, नवस किंवा अपुरी राहिलेली इच्छा. गोलेम याच प्रकारात येतो. त्याचा दगड झिजत नाही, पण दिलेली आज्ञा प्रत्यक्ष परिस्थितीशी जुळेनाशी झाली, की त्याच्या हालचालीत अडखळ येऊ शकते.

झोंबीलाही हाच प्रश्न विचारता येतो. आज मी तो डाव पुन्हा मांडला, तर झोंबींना उठवणाऱ्या मांत्रिकाच्या आज्ञेला त्यांचे बळ बांधीन आणि त्याच्यापासून अंतर वाढत जाईल तसतशी ती आज्ञा सैल होऊ देईन. मग भाच्याचा अंतरांचा तक्ता कामाला आला असता.

चौथी पायरी : भक्ष्यावर जगणाऱ्याचा उपास मोजा

व्हँपायरच्या बाबतीत नवा नियम रचावाच लागत नाही. अन्नाशिवाय किती दिवस निभते, याचा नियम ३ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा गुणांक असा आहे. २०१४ च्या व्हँपायरचा कॉन्स्टिट्यूशन १८, म्हणून गुणांक ४. रक्त हेच त्याचे अन्न, असे एकदा ठरवले, की तो सात दिवस निभावतो, आठव्या दिवसाच्या शेवटी पहिली पातळी चढते आणि दहाव्या दिवसाच्या शेवटी तिसरी. खेळाडूंनी एखाद्या जुन्या पोर्तुगीजकालीन घरात त्याला कोंडून गावकऱ्यांना सुरक्षित ठेवले, तर वेढ्याचा प्रत्येक दिवस मोलाचा ठरतो.

मी इथे दोन दुरुस्त्या करतो. पहिली, सहाव्या पातळीला तो मरत नाही. पाचवीलाच पेटीत निपचित पडतो आणि रक्ताचा थेंब मिळेपर्यंत तसाच राहतो, कारण ज्याला मारायला विशिष्ट उपाय लागतात, त्याला भुकेने मारणे म्हणजे कथेचा कणाच मोडणे. दुसरी, तिसऱ्या पातळीपासून त्याचे वागणे बदलते : बोलणे आखूड होते, सौजन्य गळून पडते आणि तो धोके पत्करू लागतो. डिसॲडव्हान्टेजचा आकडा खेळाडूंना दिसत नाही, हा बदल त्यांना दिसतो.

पाचवी पायरी : जागेशी बांधलेल्यासाठी 'झीज' रचा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण ज्यांच्या यादीत थकव्यापासून अभय लिहिलेले असते, त्या बहुतेकांना इथेच हात घालता येतो. अभय काढून घ्यायचे नाही. थकवा त्यांना लागू होत नाही, हे तसेच ठेवायचे आणि त्याच्या शेजारी झिजेची ६ घरांची वेगळी पट्टी आखायची.

गेल्या पावसाळ्यात आम्ही खेळलेले उदाहरण सांगतो. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीच्या, बांधात मानस असते. भरतीचे पाणी चढू लागले, की त्या दाबाने मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर ढकलून ती उघडतात. या मानशीच्या तोंडाशी मी एक गिऱ्हा बसवला. रात्री बांधावरून जाणाऱ्याला तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि पाण्यात ओढतो. त्याचे बळ भरतीचे. भरती साधारण साडेबारा तासांनी परत येते, म्हणजे मधल्या सहा तासांत पाणी उतरत असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान. हे वेळापत्रक आमच्याकडे मासे धरणाऱ्या कोणालाही पाठ असते, त्यामुळे खेळाडूंना ते समजावून सांगावे लागले नाही.

झीज चढण्याची कारणे मी तीनच ठेवली. पाणी उतरत असताना मानशीपासून दूर घालवलेल्या प्रत्येक तासाला एक घर. कोणी त्याच्या हाकेला ओ न देता बांध ओलांडून गेले, तर एक घर. दारे पाचर मारून उघडी ठेवली आणि भरती शेतात शिरू दिली, तर एकदम दोन घरे, पण मग खारे पाणी शिरून गावाचे पीक जाते. हे तिसरे कारण मुद्दाम महाग ठेवले होते आणि त्यावरच खेळाडूंचा सर्वांत मोठा वाद झाला.

परिणाम ठरवताना हल्ल्यातून आकडे वजा करण्याचा मोह टाळावा. ज्या गोष्टीमुळे तो जीव भीतिदायक आहे, तीच एकेक करून काढून घ्यावी. पहिल्या दोन घरांना त्याच्या हाकेची डीसी प्रत्येकी एकने उतरते. तिसऱ्या घराला तो ओळखीचा आवाज काढू शकत नाही, नुसती हाक ऐकू येते. चौथ्या घराला बांधावर चढता येत नाही. पाचव्या घराला तो मानशीच्या तोंडापासून हलत नाही. सहाव्या घराला तो गाळात विरतो आणि त्याच्याशी लढता येत नाही. भांगेच्या भरतीला झिजेची दोन घरे भरून निघतात, उधाणाच्या भरतीला सगळी. झीज भरून निघण्याला असा काळ आणि अशी जागा असली पाहिजे, जिथे खेळाडूंना आडवे जाता येईल. तसे नसेल, तर झीज म्हणजे लपवलेले हिट पॉइंटच होतात.

सहावी पायरी : पाठलागाचे गणित आधी करून ठेवा

न दमणाऱ्याचा खरा धाक लढाईत जाणवत नाही, तो लांबच्या पाठलागात जाणवतो. तासाला किती मैल, हे काढायला वेगाला दहाने भागायचे. माणसाचा वेग ३० फूट, म्हणजे तासाला ३ मैल. झोंबीचा २० फूट, म्हणजे २ मैल. आठ तासांत खेळाडू २४ मैल जातात आणि मुक्काम करतात, झोंबी तेव्हा १६ मैलांवर असतो. उरलेले ८ मैल तो चार तासांत चालतो आणि लाँग रेस्ट अर्ध्यावर असताना पालाबाहेर उभा राहतो. हे आकडे मी खेळाडूंपासून लपवत नाही. "पहाटे तीनला ते इथं पोचतील," असे त्यांच्यातल्याच कोणीतरी हिशेब करून म्हणावे आणि सगळ्यांनी गप्प व्हावे, यासारखा परिणाम कोणत्याही वर्णनाने साधत नाही.

छोट्या पाठलागात ३ अधिक कॉन्स्टिट्यूशनच्या गुणांकाइतक्या वेळा डॅश (त्या पाळीला दुप्पट पळणे) फुकट मिळतो, त्यापुढच्या प्रत्येक डॅशला डीसी १० ची कॉन्स्टिट्यूशन चाचणी द्यावी लागते आणि ती चुकली की थकव्याची एक पातळी चढते. थकव्यापासून अभय असलेला जीव अशा पाठलागात कधीच मागे पडणार नाही. त्यामुळे वाटेत ओढा, दार, दिवा, शीव असे काहीतरी ठेवावे, जिथे त्याची जागेची किंवा बांधिलकीची मर्यादा संपते.

सातवी पायरी : राक्षसच थकवा देत असेल तर हात आखडता घ्या

खेळाडूंना थकवा देणारे राक्षस मी फार जपून वापरतो. एका लाँग रेस्टला एकच पातळी उतरते, म्हणून एका लढाईत तीन पातळ्या चढल्या, तर पुढचे तीन दिवस त्या पात्राचे हाल होतात आणि तो खेळाडू प्रत्यक्षात टेबलावर नुसता बसून राहतो. एका लढाईत एका पात्राला जास्तीत जास्त एक पातळी, एवढेच बंधन मी पाळतो. हवामानाचा थकवा धरायचा असेल, तर त्याचाही हिशेब यातच करावा. नियमात कडक उन्हाची मर्यादा १०० अंश फॅरेनहाइट आहे, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस. गोव्यात पारा तिथवर क्वचितच जातो, पण वैशाखातल्या दमट दुपारी चिलखत घालून बांधावर उभे राहायचे म्हटले, तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून आमच्या टेबलावर दमट हवेत जड चिलखतवाल्याला ३४ अंशांपासूनच सेव्ह करावा लागतो.

आठवी पायरी : नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवा

आम्ही चिंचोके वापरतो. एका बाजूने घासून पांढरे केलेले, सारीपाटाला वापरतात तसे. खेळाडूच्या थकव्याला काळी बाजू वर, राक्षसाच्या झिजेला पांढरी. राक्षसाची झीज कशाने चढते, हे मी आधी सांगत नाही, पण ती चढली की चिंचोका सर्वांसमोर ठेवतो. कारण शोधणे खेळाडूंकडे राहते आणि मी सोयीप्रमाणे निकाल बदलतो आहे, अशी शंका कोणाच्या मनात राहत नाही. नियम टेबलावर पहिल्यांदा लागू होईल, त्याआधी तो वहीत एका वाक्यात लिहून झालेला असावा. पहिल्या मोहिमेत मी हेच केले नव्हते.

गिऱ्ह्याच्या डावात अष्टमीची रात्र होती. पाणी उतरत होते आणि पाच पांढरे चिंचोके ओळीत पडले होते. भाच्याचे पात्र बांधावरून चालत असताना मी त्याला त्याच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक दिली, पण तिसरे घर भरलेले असल्यामुळे तो आवाज भावाचा नव्हता. हा फरक त्याच्या लक्षात आला. ओ न देता त्याने बांध ओलांडला आणि वाटीतला सहावा चिंचोका उचलून स्वतःच ओळीत ठेवला. मग त्याने विचारले, "मामा, पुढची भरती किती वाजता?"